टोले वाचवावे कसे?

चिकलठाण्याच्या एका निवृत्त मास्तराने गोल्फवर बोलावे हे तुमच्यापैकी कित्येकांस नवलाचे वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी प्राथमिक शाळेतली, आणि खेळ म्हटला की विटीदांडू. फार झाले तर हुतूतू. गोल्फ हा साहेबांचा आणि बड्या अधिकाऱ्यांचा खेळ, आपला त्याच्याशी संबंध विमानतळाच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारीत दिसणाऱ्या त्या लांबट पिशव्यांपुरताच, अशी माझी साठीपर्यंत समजूत होती.

मग मुलगा पुण्यास नोकरीला लागला आणि तेथे हा खेळ शिकला. मी त्याच्याकडे जाऊन राहू लागलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घरी तो माझ्याशी बोले ते एक डोळा दूरध्वनीच्या पडद्यावर ठेवून. रविवारी सकाळी मात्र तो गोल्फच्या मैदानावर चार तास चालत असे आणि तेवढा वेळ तो यंत्राचा तुकडा पिशवीच्या तळाशी पडून राही. मी एकदा नुसता सोबत गेलो. त्या दिवशी त्याने मला आपल्या नोकरीतील जेवढ्या गोष्टी सांगितल्या, तेवढ्या मागल्या पाच वर्षांत सांगितल्या नव्हत्या. तेव्हा खेळ शिकण्यामागचा माझा हेतू खेळाचा नव्हता, हे प्रथमच कबूल करून टाकतो.

ज्यांस या खेळाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. विस्तीर्ण मैदानावर अठरा ठिकाणी जमिनीत एकेक गल केलेली असते. ती तोंडाशी १०८ मिलिमीटर रुंद असते, आणि हे माप १८९१ सालापासून बदललेले नाही. चेंडू सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचा, वजनाने ४६ ग्रॅमच्या आत. दूरच्या एका ठिकाणाहून काठीने टोले मारीत तो गलीत घालावयाचा, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. विटीदांडूत जास्त मोजणारा श्रेष्ठ, येथे कमी मोजणारा. एवढा फरक ध्यानात घेतला म्हणजे बाकीचे आपल्यास परके वाटू नये. प्रत्येक गलीस किती टोले लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्यास पार म्हणतात. बहुतेक मोठ्या मैदानांचा एकूण पार ७२ असतो.

खेळ आपल्या देशात नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरील क्लबांत तो सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. पुढे चेंबूर, पुणे, नाशिक येथे मैदाने झाली. आज देशात नावाजलेला अनिर्बन लाहिरी १९८७ साली पुण्यातच जन्मला, आणि तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याच्याबरोबर पुण्याचा उदयन माने खेळला. मराठवाड्यात मात्र मी मैदान मागणार नाही. ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहिली आहे, तेथे हिरवळीवर पाणी ओता असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कोरड्या मुलखांत पूर्वी यावर एक तोड काढलेली असे. गलीभोवती हिरवळीऐवजी वाळूत तेल मिसळून सपाट केलेली जागा ठेवीत आणि तीस ब्राउन म्हणत. चेंडू तीवरही सरळ जातो. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढे माझ्या अंगणाची गोष्ट यावयाची आहे.

तर मी खेळू लागलो. प्रथम वर्षभर माझी जी अवस्था झाली ती सांगण्यात लाज नाही. अंगात जेवढे बळ होते तेवढे एकवटून टोला मारावा, आणि चेंडू दहा पावलांवर गवतात जाऊन बसावा. कधी तो जागचा हलत नसे. कधी शेजारच्या गलीकडे निघून जाई. मागे चार माणसांची तुकडी कमरेवर हात ठेवून वाट पाहात उभी राही. एके रविवारी खेळ संपल्यावर मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही नुसते चालत आलात तर? मागच्यांची फार खोळंबा झाल्याची तक्रार आहे." तो बोलला ते सौम्यपणेच; परंतु नुसते चालत येणारा बाप आज ना उद्या घरीच बसेल, हे मला तत्काळ कळले.

मी चिकलठाण्यास परत आलो आणि चाळीस वर्षे मुलांच्या बाबतीत जे केले तेच स्वतःच्या बाबतीत केले: चुका मोजल्या. मुलाकडून टिपणे आणली होतीच. शेवटच्या फेरीत माझे टोले १२१ झाले होते. त्यांतील गलीजवळच्या हिरवळीवरचे, म्हणजे नुसते घरंगळत नेण्याचे, ४७. चेंडू हरवल्याबद्दल वा पाण्यात गेल्याबद्दल दंडाचे ९. उरलेले ६५ ते बाकीच्या सर्व अंतराचे. ज्या लांब टोल्यापायी मी खांदा दुखवून घेत होतो, तो तर एका फेरीत फार तर चौदा वेळा मारावयाचा असतो. पार काढतानाही प्रत्येक हिरवळीवर दोन टोले धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे बहात्तरांतले निम्मे. निम्मी परीक्षा ज्या विषयाची, त्याचा अभ्यास मी एक दिवसही केलेला नव्हता! शाळेत असा विद्यार्थी भेटला असता तर मी त्यास काय म्हटले असते, ते येथे सांगत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, काठी हातात घेण्यापूर्वी वही हातात घ्यावी. तीन रकाने पुरेत: हिरवळीवरचे टोले, दंडाचे टोले आणि उरलेले. तीन-चार फेऱ्यांत दुखणे कोठे आहे ते आपोआप दिसते. बहुतेकांचे ते जेथे दुखते असे वाटते तेथे नसते.

आता हिरवळीवरील टोला. यासाठी जी काठी वापरतात तीस पटर म्हणतात आणि तिचे पाते जवळजवळ उभे असते. येथे बळाचा प्रश्नच नाही. साठीतला मास्तर आणि पंचविशीतला पैलवान येथे सारखे. गणित पाहा. गलीची अर्धी रुंदी ५४ मिलिमीटर. पाच फुटांवरून, म्हणजे सुमारे १५२४ मिलिमीटरवरून, चेंडू गलीच्या मध्यावर रोखला असता दोन अंशांची चूक खपते. दहा फुटांवरून एकच अंश. कंपासपेटीतील कोनमापक काढून एक अंश किती तो एकदा डोळ्यांनी पाहावा, म्हणजे दहा फुटांवरून चेंडू चुकला तर कपाळावर हात मारून घेण्याचे कारण उरणार नाही. अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक खेळाडूदेखील आठ फुटांवरून सुमारे निम्मेच चेंडू गलीत घालतात. तीन फुटांवरून मात्र ते क्वचितच चुकतात. यातून सरावाचे वेळापत्रक ठरते: तीन फूट अचूक यावे, आणि लांबून मारलेला चेंडू त्या तीन फुटांच्या आत येऊन थांबावा. मधल्या अंतराचे जे होईल ते होवो.

तीन फुटांचा सराव घरात होतो. बैठकीत सतरंजी ताणून अंथरावी, टोकाशी पाण्याचा पेला आडवा ठेवावा. चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर दोन काडेपेट्या उभ्या कराव्या. त्यांच्यामध्ये चेंडूहून बोटभरच जास्त जागा असावी. त्या दारातून चेंडू काडेपेटीस न शिवता गेला म्हणजे पात्याचे तोंड सरळ होते असे समजावे. पटरच्या टोल्यात चेंडू कोठे जाणार हे हात कसे फिरले यापेक्षा पात्याचे तोंड कोठे होते यावर अधिक अवलंबून असते. डोळे चेंडूच्या बरोबर वर असावेत, असे म्हणतात; ते तसे आहेत की नाहीत हे पाहण्यास मी गवंड्याचा ओळंबा वापरला. दोरी नाकाच्या वरच्या टोकाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये धरावी आणि लंब कोठे पडतो ते पाहावे. माझा चेंडूपलीकडे चार बोटे पडत होता. वर्षभर मी वाकड्या नजरेने सरळ रेघ काढू पाहात होतो!

हात हलवावयाचे ते खांद्यांपासून, मनगटे मोडू नयेत. घड्याळाचा लंबक जसा जाईल तितकाच येतो, तशी काठी जितकी मागे तितकीच पुढे. आणि चेंडू गेल्यावर मान लगेच वर करू नये. पेल्यात पडल्याचा आवाज कानांनी ऐकावा. घरात सौभाग्यवती दुपारी झोपलेल्या असताना हा सराव करू नये, हे अनुभवाने सांगतो.

अंतराचा सराव अंगणात करावा. आमच्या अंगणात मुरूम आहे. तो धुमसून, झाडून, मी वर सांगितलेल्या जुन्या ब्राउनसारखी एक पट्टी केली आणि दहा, वीस व तीस फुटांवर खडूच्या रेघा ओढल्या. गल केलीच नाही. चेंडू रेघ ओलांडून हातभर पुढे थांबावा, एवढेच साध्य. रेघेच्या अलीकडे थांबलेला चेंडू गलीत पडण्याचा संभव शून्य. हातभर पुढे गेलेला चेंडू गलीवरून गेला असता तर पडला असता आणि चुकला असता तरी परत यावयास सोपा. हिरवळीवर तीन-तीन, चार-चार टोले लागतात ते दिशा चुकल्याने नव्हे, अंतर चुकल्याने. डावी-उजवी चूक दोन-चार वितींची असते. पुढची-मागची दोन-चार पावलांची.

अर्थात मुरूम आणि हिरवळ यांची गती निराळी. म्हणून मैदानावर गेल्यावर खेळापूर्वी दहा मिनिटे तेथील हिरवळीवर चेंडू घरंगळून पाहावा. सकाळी दव असते तोवर चेंडू मंद चालतो. ऊन चढले की तीच जागा वेगवान होते. उतार पाहावयाचा तो चेंडूच्या मागे बसून, शेतकरी पाणी कोठे वळेल ते पाहतो त्या नजरेने. एखादी घागर गलीजवळ उपडी केली असती तर पाणी कोणीकडे गेले असते? चेंडू त्याच बाजूस वळतो, आणि वेग कमी होत जाईल तसा अधिक वळतो.

हिरवळीच्या काठावरून मारावयाचा जो लहान टोला, त्यात विटीदांडू खेळलेल्या माणसाने स्वतःस फार जपावे. आपण दांडू विटीखाली घालून ती कोलतो. लहानपणची ती सवय हातांत बसलेली असते, आणि गोल्फच्या चेंडूखाली काठी घालून तो वर उचलावा असे हातांस वाटते. येथेच घात होतो. काठी चेंडूच्या आधी जमिनीत रुतते आणि चेंडू चार हात जातो. अथवा ती वर उचलली जाऊन चेंडूच्या मध्यावर आदळते आणि चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. गोल्फची काठी कोलण्यासाठी नाहीच. तिच्या पात्यास मागे कल दिलेला असतो. लांब टोल्याच्या काठीस तो सुमारे दहा अंश, मधल्या लोखंडी काठ्यांस तीसच्या आसपास, वेज नावाच्या काठ्यांस पंचेचाळीस ते साठ. चेंडू वर नेण्याचे काम तो कल करतो. आपण फक्त खाली येणाऱ्या काठीने आधी चेंडू व मग जमीन गाठावयाची.

त्यासाठी लहान टोल्यात वजन डाव्या पायावर ठेवावे, हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत, आणि पटर चालवावा तसाच खांद्यांचा हेलकावा द्यावा. (मी हे सर्व उजव्या हाताने खेळणाऱ्यांस धरून सांगत आहे, डावखुऱ्यांनी बाजू बदलून घ्याव्या.) चेंडू हिरवळीवर कोठे टेकवावयाचा ती जागा आधी ठरवावी आणि नजर गलीवर न ठेवता त्या जागेवर ठेवावी. आमच्या अंगणात मी दहा पावलांवर गोणपाट टाकले आणि वीस-वीस चेंडू त्यावर टेकवीत बसलो. पहिल्या दिवशी दोन टेकले, महिन्याने बारा. कमी कलाची काठी घेतली तर चेंडू लवकर टेकून लांब घरंगळतो, जास्त कलाची घेतली तर उंच जाऊन लवकर थांबतो. जेथे घरंगळत नेता येईल तेथे उडवू नये, हा नियम घरोघरी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. उडालेला चेंडू कोठे पडेल हे देवाच्या हाती. घरंगळणारा तरी आपल्या डोळ्यांसमोर असतो.

आता ज्याची सर्वांस हौस असते त्या लांब टोल्याविषयी. काठीचे पाते आणि चेंडू यांची गाठ एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढीच पडते. त्या क्षणात आपण काहीही सुधारू शकत नाही. डोळ्याची पापणीही तेवढ्यात लवत नाही. म्हणजे जे करावयाचे ते आधीच करून ठेवले पाहिजे. मूठ, पाय, खांदे आणि चेंडूची जागा या चार गोष्टी जागेवर उभे असतानाच ठरतात, त्यांस बळ लागत नाही, वयही आड येत नाही, आणि नेमक्या त्याच आपण घाईत करतो. पात्याचे तोंड पाच अंशांनी वाकडे असेल तर दीडशे यार्डांवर चेंडू तेरा यार्ड बाजूस जातो, आणि त्यास फिरकी मिळून तो आणखी वळतो ते निराळेच.

मुठीविषयी पुण्याच्या मैदानावर पिशव्या वाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला जे शिकविले ते विसरता येत नाही. माझी पांढरी पडलेली बोटे पाहून ते म्हणाले, "गुरुजी, काठी काय पळून चाललीय? फळ्यावर खडू असाच धरत होता का?" मी चपापलो. खडू आवळून धरला की मोडतो आणि अक्षर वाकडे येते, हे मी शेकडो मुलांस सांगितले होते. खडू निसटू नये इतपत धरावा, आणि मनगट मोकळे असावे. काठीही तशीच. डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकलेली. दोन्ही हातांचे अंगठा व तर्जनी यांमधील चिमट्याचे टोक उजव्या खांद्याकडे. आरशासमोर रोज पाच मिनिटे नुसती मूठ बांधावी आणि सोडावी, चेंडू लागत नाही.

शास्त्रशुद्ध मुठीचा हट्टही मात्र अतिरेकास नेऊ नये. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा खेळाडू, लहानपणी लोकांच्या पिशव्या वाहणारा, उलट्या मुठीने खेळे. त्याचा उजवा हात वर आणि डावा खाली असे. त्या मुठीने त्याने डच ओपन ही स्पर्धा १९५९, १९६० आणि १९६४ साली जिंकली. १९६३ साली त्याने नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या नियमामुळे गोऱ्यांच्या इमारतीत त्यास प्रवेश नव्हता आणि बक्षीस बाहेर पावसात उभे राहून घ्यावे लागले. हात वाकडे असलेल्याने काही अडले नाही. मने वाकडी होती त्यांचीच शोभा झाली. असो. नवशिक्याने सरळ मुठीनेच सुरुवात करावी.

पाय खांद्यांइतके रुंद. लांब काठीने मारताना चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, आखूड काठ्यांस दोन पायांच्या मध्यावर. गुडघे किंचित सैल, कमरेतून वाकलेले, पाठ सरळ. काठी मागे नेताना घाई नको; घाईने मागे नेलेली काठी घाईनेच खाली येते आणि खांदा कमरेच्या आधी फिरतो. परत येताना कंबर आधी, खांदे मागून, हात सर्वांच्या शेवटी. जात्यावर बसलेली बाई दोन्ही हातांनी खुंटा ओढते तो हातांनी नव्हे, सर्व अंगाने. म्हणून ती तासभर दळू शकते. मला हा हिशेब जमण्यास पावसाळा उलटला. पूर्ण बळाच्या तीन चतुर्थांश जोराने मारावयाचे असे ठरविल्या दिवसापासून माझा चेंडू लांब जाऊ लागला. त्यात चमत्कार नाही. पात्याच्या मध्यावर बसलेला हलका टोला कडेवर बसलेल्या जोरकस टोल्याहून चेंडूस अधिक वेग देतो.

चेंडूवर जे तीन-चारशे खळगे असतात ते शोभेचे नव्हेत. पूर्वीच्या लोकांस असे आढळले की जुना, ओरखडे पडलेला चेंडू नव्या गुळगुळीत चेंडूहून लांब जातो. खळग्यांमुळे हवेचा थर चेंडूस अधिक वेळ चिकटून राहतो आणि मागची ओढ घटते. पाठीमागे फिरणारी फिरकी त्यास वर उचलून धरते. गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मे अंतर जाईल. तेव्हा चिखल लागलेला चेंडू हिरवळीवर उचलता येतो तेथे पुसून घ्यावा.

वाळूच्या खड्ड्यात चेंडू पडला की नवशिक्याचा धीर सुटतो. तेथे चेंडूस मारावयाचेच नसते. पाते थोडे उघडे करून चेंडूच्या दोन बोटे मागे वाळूत काठी घालावी आणि न थांबता पुढे काढावी. वाळूच चेंडूस बाहेर आणते. काठी मध्येच थांबली की चेंडूही तेथेच. आणि झाडांत अडकला तर दोन खोडांमधील फटीतून गलीकडे मारण्याचा मोह सोडून बाजूच्या मोकळ्या गवतात काढावा. माझ्या दंडाच्या नऊ टोल्यांतील बहुतेक असल्या शौर्याचे होते.

ज्या गोष्टीने माझे पाऊल मैदानाबाहेर पडण्याची वेळ आली होती, तो संथपणा टोल्यांतला नव्हताच, मधल्या वेळातला होता, हेही वहीने दाखविले. पुढे चालत असतानाच अंतराचा आणि काठीचा विचार करून ठेवावा. हरवलेला चेंडू शोधण्यास २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात, आणि आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत टोला मारावा अशी शिफारस त्याच नियमांत आहे. हरवण्याची शंका असेल तर दुसरा चेंडू तेथूनच मारून ठेवावा, म्हणजे परत फिरावे लागत नाही. घरगुती खेळात एखाद्या गलीवर पारच्या दुप्पट टोले झाले की चेंडू उचलून खिशात घालावा. त्यात कमीपणा नाही. आणि मागची तुकडी वेगवान असेल तर बाजूस उभे राहून तीस पुढे जाऊ द्यावे. मी प्रथम तसे केले तेव्हा कमरेवर हात ठेवणाऱ्या त्याच चौघांनी मला नमस्कार केला.

वयाने थकलेल्यांस दोन गोष्टी. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे चालून, खांदे व कंबर सैल करून घ्यावी. थंड अंगाने मारलेला पहिलाच टोला पाठीस महिनाभर आठवण देतो. आणि ज्येष्ठात वळवाचे ढग गडगडू लागले की खेळ तेथेच सोडून पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली मुळीच थांबू नये. मोकळ्या मैदानात लोखंडी काठी उगारून उभ्या असलेल्या माणसाएवढे विजेस सोयीचे दुसरे काही नाही. बाकी वयाची भीती नको. महूचे मुकेशकुमार यांनी आशियाई मंडळातील आपली पहिली स्पर्धा २०१६ साली दिल्लीस जिंकली, तेव्हा त्यांस एक्कावन्नावे वर्ष होते.

काठ्या किती असाव्या? नियमाप्रमाणे चौदांपर्यंत चालतात. मजजवळ पाच आहेत, त्याही दुसऱ्याने वापरलेल्या: एक लांब लाकडी म्हणतात ती (आता ती लाकडाची नसते), दोन मधल्या लोखंडी, एक वेज आणि पटर. यांतील पटर सोडून कशावरही आरंभी पैसे घालू नयेत.

दसऱ्यानंतर मी पुण्यास गेलो आणि मुलास म्हणालो की, एकच फेरी खेळू दे; खोळंबा झाला तर पुढल्या वेळी पिशवी धरीन. सकाळी सहास निघालो. नवव्या गलीपर्यंत मागच्या तुकडीचे तोंडही दिसले नाही. मुलगा आपल्या कचेरीतले एक कठीण प्रकरण सांगत होता आणि मी मधूनमधून थांबून टोला मारीत होतो, असाच तो क्रम होता. म्हणजे सर्व यथास्थित चालले होते. चवदाव्या गलीवर दाट गवतात, तो आणि पिशवीवाले वृद्ध गृहस्थ पुढे गेलेले असताना, काठी मागे टेकवताना माझ्या हातून चेंडू बोटभर हलला. कोणी पाहिले नाही. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स याच्या हातून असेच झाले होते. पंचांस काही दिसले नव्हते, तरी त्याने आपणावर एक टोला लावून घेतला आणि अखेर बरोबरी होऊन जादा फेरीत तो हरला. ही गोष्ट मी त्या वर्षीच वाचली होती. वाचली नसती तर बरे झाले असते असे मला क्षणभर वाटले. चेंडू पुन्हा जागेवर ठेवला आणि पुढे खेळलो.

खेळ संपल्यावर चहा पिताना मुलाने वही ओढून घेतली आणि बेरीज करू लागला. हिरवळीवरचे ४७ चे ३६ झाले होते. बाकीचे ६५ चे ६३. म्हणजे एवढा पावसाळा घाम गाळून लांबच्या टोल्यांत फक्त दोन वाचले होते आणि सतरंजीवर व मुरमावर अकरा.

"दंडाचे चार," तो म्हणाला, "म्हणजे एकशे तीन. बाबा, कमाल केलीत हो!"

"पाच लिही," मी म्हणालो. "चवदाव्यावर गवतात एक हलला होता."

त्याने माझ्याकडे पाहिले, चारावर रेघ मारून पाच केले, आणि पुढच्या रविवारची तारीख वहीच्या दुसऱ्या पानावर स्वतःच्या हाताने घातली.